देवळातला होकार

सुर्ल्याची खाण बंद पडली आणि टिपर चालवणारे आमचे हे घरी बसले. मी दोडामार्गाकडची, लग्न करून इथे गोव्यात आलेली. माझ्या माहेरी एक काम गेलं तर माणूस कुणाच्या तरी काजूच्या बागेत जातो. इथे मात्र खाण सोडून दुसरं काम म्हणजे कामच नव्हे. खाण आज ना उद्या सुरू होणार, यावरच आमचा वाडा, म्हणजे अख्खी वस्ती, जगत होती. आणि ती सुरू झाली की कुणाला आत घ्यायचं हे कंपनीपेक्षा युनियन ठरवणार, असं युनियनचा पुढारी सांगत फिरायचा.

हा माणूस मला पहिल्यापासून आवडला नाही. तोंडात साखर, आणि डोळा आपला या घरात मतं किती त्याच्यावर. सकाळी पोदेर पाव देऊन गेला की पाठोपाठ हा यायचा, चहा प्यायचा आणि यांच्या खांद्यावर हात ठेवून तुझं काम झालंच समज म्हणायचा. पाणी कुठेतरी मुरतंय, असं मी यांना सांगायचे. तुला सगळ्यांचाच संशय, हे यांचं ठरलेलं उत्तर.

पंचायतीची निवडणूक आली तसं युनियनने देवळात गाऱ्हाणं ठेवलं. आमच्याकडे गाऱ्हाण्यात देवळाचा घाडी देवापुढे एकेक मागणं म्हणतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. जन्माची सवय, मागणं पुरतं ऐकायच्या आत तोंडातून होकार निघालेला असतो. खाण सुरू होऊ दे, व्हय म्हाराजा. पोरांच्या हाताला काम मिळू दे, व्हय म्हाराजा. मग त्याच सुरात घाडी म्हणाला, "आमचो पुढारी पंच होवंदे, ह्या वाड्यारली सगळी मतां त्येकाच पडांदे."

अख्खं देऊळ म्हणालं, व्हय म्हाराजा. मीसुद्धा.

पायऱ्या उतरताना एकेकाच्या लक्षात आलं की आपण देवापुढे शब्द देऊन बसलो. मला अशी चीड आली! देवाला मध्ये घालण्यापेक्षा हा माणूस सरळ पाया पडला असता तर परवडलं असतं. तरी मत मी त्यालाच दिलं. माझ्या चिडीपेक्षा यांचं काम मोठं होतं.

आणि तो पडला. आमच्या प्रभागात आमचा एकच वाडा, म्हणजे पाडला तो आम्हीच. त्या दिवसापासून विहिरीवर बायका एकमेकींकडे बघून बोलेनाशा झाल्या. जिच्याशी माझं रोजचं भाजीचं देणंघेणं, तिच्याबद्दलही मला वाटायला लागलं, हिनेच केलं असणार.

पुढे खाण खरंच सुरू झाली. निवडणुकीत पडला तरी कंपनीत पुढाऱ्याचं वजन होतंच. त्याने माणसांना पुन्हा देवळात बोलावलं. आमच्या घराने शब्द पाळला अशी नारळावर हात ठेवून जो शपथ घेईल, त्याचंच नाव तो पुढे करणार होता. हे गेले, हात ठेवून आले. एकही माणूस मागे सरला नाही, असं यांनीच सांगितलं. मग त्याला पाडलं कुणी, असं मी विचारलं, तर यांनी ताट पुढे करून आणखी भात मागितला.

कामावर जायला लागून आठवडा होत नाही तोच यांना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, साथ आहे. वाड्यावरचे सगळे बघायला आले. औषध कुठलं चाललंय हे कुणी विचारलं नाही, सगळे यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. शेवटी पुढारी आला. टेकला, विचारपूस केली आणि उठताना म्हणाला, "देव सगळां बघता रे बाबा."

तो दाराबाहेर झाला तसं यांनी मला जवळ बोलावलं. "खरां सांग, तू मत कोणाक दिलंस?"

"त्येकाच," मी म्हटलं. "आणि तुमी?"

यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी घाबरले. भीती देवाची होती की नोकरीची, तेव्हा कळलं नाही. पुढारी अजून अंगणात चपला शोधत होता. मी दारात गेले आणि त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "भाऊनू, आमच्या घरातली दोनय मतां तुमकाच पडली हां."

त्याने मान हलवली. विश्वास त्याचाही बसला नव्हता.