चार महिन्यांचं अंतर

आमच्या शाळेत दोन शिपाईबाई होत्या. एकीच्या कमरेला एकोणीस किल्ल्यांचा जुडगा असायचा, म्हणून मुलं तिला किल्लीबाई म्हणत. दुसरी तास वाजवायची, ती घंटाबाई. दोघी एकाच दिवशी, एकाच पत्राने नोकरीला लागल्या आणि तेवीस वर्षं त्यांनी तीन मजले, बावीस खोल्या आणि आठ संडास वाटून घेतले. ही वाटणी कधी कागदावर झाली नाही. घंटाबाईचा गुडघा धरला की किल्लीबाई वरचा मजला करायची. किल्लीबाईला बाळंतपणात रजा कमी पडली तेव्हा घंटाबाईने सहा आठवडे दोघींचं काम एकटीने ओढलं आणि वर संध्याकाळी तिच्या घरी जाऊन भांडीही घासली. किल्लीबाईची मुलगी तिला मावशी म्हणते ती तेव्हापासून.

मी त्या शाळेत गणित शिकवत होते. बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं किल्लीबाईने नंतर सांगितलं. तिची बाजू मांडायला मी बसलेली नाही. कुणी आपली बाजू मांडावी अशी ती बाईच नव्हे. तोंडाने फटकळ. उशिरा येणाऱ्या मास्तरांनाही फाटकात गाठून विचारायची, "काय सर, घड्याळ घरी विसरलात?" घंटाबाई गोड बोलून काम काढून घेणारी. आम्हा सगळ्यांना घंटाबाई जास्त आवडायची, हे खरंच सांगायला हवं.

परीक्षा संपत आल्या त्या आठवड्यात वरून पत्र आलं. शाळांचा निधी कमी झाला होता. आमच्या शाळेतून चौघांना काढायचं होतं: संगीताच्या बाई, चित्रकलेचे सर, ग्रंथपाल आणि दोनपैकी एक शिपाई. मुख्याध्यापिकाबाईंनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, ते पत्र शिक्षकांच्या खोलीत उभ्यानेच वाचलं. संगीताच्या बाई ताडकन उठून बाहेर गेल्या. चित्रकलेचे सर म्हणाले, "भिंती रंगवायच्या होत्या तेव्हा बरी आठवण यायची माझी." ग्रंथपाल डब्याचं झाकण लावत राहिले. उरलेले आम्ही खाली बघत होतो, पण मनात हुश्श केलं होतं. ते एकमेकांना दिसत होतं आणि म्हणून सगळे एकमेकांवर उगाच चिडलेले होते.

दोन शिपाईबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्यातली कोण जाणार, याचा नियम कारकुनाने सांगितला. "नेमणुकीची तारीख एकच असेल तर वयाने मोठी ती ज्येष्ठ. ज्येष्ठ राहील, दुसरी जाईल." त्याने दोन्ही सेवापुस्तकं उघडली. घंटाबाई सात महिन्यांनी मोठी निघाली.

किल्लीबाईने घंटाबाईकडे पाहिलं. घंटाबाई पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती.

कारण ती तारीख खोटी होती आणि ते दोघींनाच ठाऊक होतं. घंटाबाई सोळा वर्षांची असताना तिच्या मामाने तिला एका कारखान्यात चिकटवलं होतं. अठरा पूर्ण दाखवायचे म्हणून त्याने वीस महिने वाढवून दाखला काढला आणि पुढे तोच दाखला सगळीकडे लागला. ही गोष्ट तिनेच पूर्वी कधीतरी जिन्याखालच्या खोलीत चहा पिताना सांगितली होती. "माझी आई मला जन्माला घालायच्या आधीच मी रांगत होते बघ," असं म्हणून दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. खरं पाहता किल्लीबाईच मोठी होती, वर्षाहून थोडी जास्त.

त्या दुपारी त्याच जिन्याखाली त्यांची जुंपली. वरच्या वर्गात पेपर चालू होता आणि देखरेखीला मी होते, मुलांनी मान वाकडी करून ऐकलं, मीही ऐकलं.

"तू तिथे बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? कागदावर आहे ते आहे."

"तुझा कागद खोटा आहे."

"हळू बोल."

"का हळू? मी जायचं आणि तू राहायचंस, ते पण माझ्याहून लहान असून?"

"तुझा नवरा कमावता आहे. मुलगी पुढच्या वर्षी नर्स होईल. माझं कोण आहे गं? भाऊ आहे, त्याच्या दारात जाऊन बसू?"

"म्हणजे हिशेब करून ठेवला होतास तू!"

"तुला सांगायचं असेल तर जा, सांग जाऊन," घंटाबाई म्हणाली. "माझ्या तोंडून मी माझी नोकरी घालवणार नाही."

"सांगेनच."

किल्लीबाईचा नवरा टेम्पो चालवायचा. कमावता होता हे खरं, पण पाठीने बेजार होता, महिन्यातले दहा दिवस घरी पडून असायचा. त्या संध्याकाळी सगळं ऐकून तो म्हणाला, "तुला योग्य वाटतं ते कर," आणि कूस बदलून झोपला. मुलगी मात्र भडकली. "मावशीबद्दल तू असं काही केलंस ना, तर माझ्याशी बोलू नकोस." किल्लीबाई तिला म्हणाली, "फी भरायची असते तेव्हा बोलतेस ना माझ्याशी? मग आत्ताही ऐक." मुलगी जेवणावरून उठली.

नुसतं सांगून कुणी विश्वास ठेवणार नाही, हे किल्लीबाईला कळत होतं. पण जुन्या दप्तराच्या खोलीची किल्ली तिच्याचकडे होती आणि दर सुट्टीत तिथली रजिस्टरं झाडायचं काम तिचंच. घंटाबाई लहानपणी मावशीच्या गावी शिकली होती, पण तिचा भाऊ आमच्याच शाळेत होता. दोन दिवस धुळीत बसून तिने त्याचं पान शोधलं. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. मग ती रजिस्टर घेऊन थेट माझ्याकडे आली.

"बाई, तुम्ही गणिताच्या. ह्या तारखेत आणि घंटीच्या सेवापुस्तकातल्या तारखेत किती अंतर पडतं?"

तिने सेवापुस्तकातली तारीख तळहातावर पेनाने लिहून आणली होती. मी बोटांवर मोजलं. "चार महिने."

"एका आईला चार महिन्यांच्या अंतराने दोन मुलं होतात का?"

तेव्हा तिला काय हवंय ते माझ्या ध्यानात आलं. त्या वेळी मी तिला अडवू शकले असते. "राहू दे, ठेवून दे ते पुस्तक," एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मला यात ओढू नकोस." ती म्हणाली, "तुम्हाला कोण ओढतंय? तुमची नोकरी शाबूत आहे," आणि वळून गेली.

मोठ्या बाईंनी ते पान पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तुम्ही माझ्यापुढे का आणलंत? आता मला न पाहिल्यासारखं करता येणार नाही."

"करू नकाच," किल्लीबाई म्हणाली आणि सोबत आणलेला अर्जही पुढे ठेवला.

आपण ज्येष्ठ ठरू आणि विषय संपेल, अशी तिची समजूत होती. पण वरच्या कार्यालयाने त्याची चौकशी लावली: खोटी जन्मतारीख देऊन सरकारी नोकरी मिळवली. घंटाबाई नुसती यादीत खाली आली नाही. तिच्या तेवीस वर्षांच्या नोकरीचे पैसे चौकशी संपेपर्यंत अडवले गेले. हे कळलं तेव्हा किल्लीबाई धावत कारकुनाकडे गेली. "माझा अर्ज परत द्या. मला इतकं नको होतं."

कारकून म्हणाला, "अर्ज घेऊन जा की. त्यातलं जे वाचलं गेलं, ते आता कसं परत देऊ?"

सुनावणी मोठ्या बाईंच्या खोलीत झाली. वरून एक अधिकारी आला होता, शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मला बसवलं होतं. घंटाबाई भावाला घेऊन आली. तिचा भाऊ एका छापखान्यात कामाला होता, बोटांना शाई तशीच होती. अधिकाऱ्याने विचारलं तसं तिने सगळं कबूल केलं, मामा, कारखाना, वीस महिने. कुठेही रडली नाही. सही करून झाल्यावर ती किल्लीबाईकडे वळली.

"मी तुला हसत हसत सांगितलं होतं. तूही हसली होतीस. मनात घडी करून ठेवत होतीस होय?"

"तू खरं बोलली असतीस तर ही वेळच आली नसती."

"तुझ्या पोरीला मी न्हाऊ घातलंय. ते आहे का कुठल्या रजिस्टरात? शोध ना! किल्ल्या आहेत तुझ्याकडे."

"बस," अधिकारी म्हणाला. "इथे भांडणं नकोत."

शेवटच्या दिवशी संगीताच्या बाईंनी कारकुनापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळ्यांचे हात हातात घेतले, फक्त किल्लीबाईला वळसा घालून गेल्या. खरं तर कपात काही तिने केली नव्हती. पण कपात करणारे आमच्यापुढे कधी आलेच नाहीत आणि ती रोज समोर होती. नवीन वर्ष सुरू झालं तसे शिक्षकांच्या खोलीत तिला कुणी 'बस' म्हणेना. ती आत आली की बोलणी थांबत. चित्रकलेच्या खोलीत मोडकी बाकं रचली गेली आणि ती बाकं तिसऱ्या मजल्यावरून तिने एकटीने ओढत आणली. आम्ही वर्गांच्या दारातून पाहत होतो. एकदा तर कुणीतरी मुद्दाम संडासाची बादली लाथेने उलटी केली होती. मुलांनी केलं असेल, असं आम्ही म्हणालो. किल्लीबाई म्हणाली, "मुलांचा पाय एवढा मोठा नसतो," आणि फडका पिळत राहिली.

तिची मुलगी वसतिगृहात राहायला गेली. घरी यायची ती बापाला भेटायला.

सात महिन्यांनी घंटाबाईची चौकशी ताकीद देऊन मिटली आणि तिचे पैसे सुटले. तोपर्यंत ती एका खाजगी दवाखान्यात फरशी पुसायला लागली होती, निम्म्या पगारावर. हे कानावर आलं त्या रविवारी किल्लीबाई तिच्या घरी गेली. तीन जिने चढून गेली, दार ठोठावलं. घंटाबाईने दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"काय?"

"मिटलं म्हणे."

"मिटलं. पुढे?"

"मला एवढं व्हायला नको होतं गं."

"किती व्हायला हवं होतं? सांग, तेवढं मोजून घेते."

किल्लीबाई म्हणाली, "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

घंटाबाई म्हणाली, "तुझ्या जागी मी होतेच की. गप्प बसून तुला घालवणारच होते. म्हणून तर तुझं तोंड बघवत नाही मला." आणि दार लावून घेतलं.

किल्लीबाई खाली उतरली. तिनेच हे मला सांगितलं, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला दोरी बांधता बांधता, माझ्याकडे न पाहता. मी विचारलं, "पुन्हा वेळ आली तर करशील असं?"

"करेन," ती म्हणाली. "तुमच्यापैकी एकजण तरी उठून म्हणाला असता की दोघींना ठेवा, तर नसतं केलं." मग गाठ आवळून गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. "सही करा. मला अजून वरचा मजला आहे."

मी सही केली.