मुरल्याची नागीण

दुपारचं ऊन खिडकीतून सरकतंय. मंगल कार्यालयाच्या खोलीत पाहुण्यांच्या बॅगांवर डोकं टेकून मी पडलोय. संध्याकाळी थोरल्या भावाची वरात. सकाळी अंगाची हळद धुताना तो म्हणाला, "एकदा तरी नाच की माझ्यापुढं. दुसरं काही मागत नाही." आणि मी, बावीस वर्षांचा घोडा, दर वरातीत बायकांच्या पर्सा नि पोरांचे मोबाईल सांभाळत कडेकडेनं चालतो. हात रिकामे दिसले की लोक आत ओढतात ना!

डोळा लागतो न लागतो तोच बॅगांच्या ढिगातून मुरल्या उठून बसतो. माझा दोस्त. दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. आमच्या बार्शीत वरातीतली नागीण म्हणजे मुरल्याच. चिखल म्हणू नका, शेण म्हणू नका, लोळायचा. समोर कुणीतरी दातात रुमाल धरून पुंगी वाजवायचा. मी कधीच नाही.

"काय हमाल, आज कुणाची पर्स?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"कोण लोक?"

खोलीत आता कॉलेजचे बाक आहेत. बाक सरकतात आणि मी मंडईपुढं उभा आहे, वरातीच्या मधोमध. दोन्हीकडं गर्दी. शर्ट बगलेत भिजलाय.

"हे काय, सगळे बघतायत!"

"नीट बघ की, भाड्या."

बघतो. प्रत्येकाच्या हातात न्हाव्याचा आरसा. कुणी पोट आत ओढतंय, कुणी दातात अडकलेलं काढतंय. ज्या पोरींच्या धाकानं मी रस्त्यावर कधी वडापाव खाल्ला नाही, त्या आपापली मुरमं न्याहाळतायत. माझ्याकडं एकाचाही डोळा नाही. थू! यांच्यासाठी हमाली केली मी?

"माझ्या मयतीत हेच," मुरल्या हसतो. "मी आडवा, आणि जो तो चाचपतोय, आपण नीट रडतोय का."

"तुला लाज नव्हती वाटत?"

"वाटायची तर! पहिल्या गाण्याला. मग गुडघे सोलवटायचे, सगळं ध्यान तिकडं."

तो रस्त्यावर पालथा पडतो, तळव्यांचा फणा डोक्यावर धरतो.

"काढ रुमाल. किती ताटकळायचं नागिणीनं?"

दार वाजतं. बाहेर बँड सुरू झालाय. आत्या घाईघाईनं आत येते. "उठलास? ही पर्स धर जरा."

बोलायला जातो तर तोंडात रुमाल. चावून चावून ओलाचिंब, टोकाला दातांनी पडलेलं भोक. मी तो बाहेर काढतो.

"आत्या, आज तुमची पर्स तुम्हीच धरा."

छाती कशी मोकळी झालीय. ओला रुमाल पुन्हा दातात धरतो आणि थेट बाहेर वरातीत, भावापुढं जाऊन उभा राहतो.