तिसऱ्या गाण्याआधी

खरखरे हे त्याचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं. पाटीचा रंग उडाला, त्याबरोबर तेही उडालं. जुन्या रेकॉर्ड विकणारा आणि खरखर सुरू झाली की डोळे मिटून ऐकणारा माणूस, म्हणून तो खरखरे. पोस्टमनही याच नावानं हाक मारतो आणि हा निमूटपणे ओ देतो.

दुकान शिंपी आणि चाव्यावाला यांच्या मधोमध आहे. इतकं चिंचोळं, की आत दोन जाडी गिऱ्हाइकं समोरासमोर आली, तर काहीतरी विकत घेतल्याशिवाय त्यांची सुटका होत नाही. मी एकटाच दोघांच्या बरोबरीचा असल्यामुळे मला काउंटरमागच्या बाकावर बसवतात. त्या बाकावरून मी बावीस वर्षं खरखरेला न्याहाळतोय.

त्याला एक खोड आहे. दुकानात आलेली प्रत्येक रेकॉर्ड तो दोन्ही बाजूंनी पुरती ऐकतो आणि तिच्यातले दोष कव्हरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवतो. 'दुसऱ्या गाण्यात ओरखडा.' 'शेवटी सुई उडते.' चालू कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेली रेकॉर्ड असली, की त्याच्या प्रतिभेला बहर येतो. 'चौथ्या गाण्याआधी खोकला, बहुतेक पुरुष.' 'ड्रमवाल्याची काठी पडली. दोष गिटारवाल्यावर ढकलला.'

"अरे, हे वाचून कोण विकत घेणार?" मी एकदा विचारलं.

"न सांगता विकायला मी काय घरांचा दलाल आहे?"

आमच्या शहरात दर रविवारी दुपारी कुठे ना कुठे गाणंबजावणं चाललेलं असतं. तळघरात, बंद पडलेल्या छापखान्यात, दवाखान्यामागच्या सभागृहात. खरखरे आणि त्याची बायको यातलं शक्यतो काही चुकवत नसत. वहिनी नर्स. त्यांची ड्यूटी तीनला संपायची आणि कार्यक्रम तीनलाच सुरू व्हायचा. मग हा पुढे जाऊन शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकायचा आणि त्या रुमालाचं असं रक्षण करायचा, की जणू सातबारा त्याच्याच नावावर आहे. दोन गाणी झाली, की दवाखान्याच्या साबणाचा वास घेऊन वहिनी अंधारातून यायच्या आणि म्हणायच्या, "सरका जराऽ."

त्यांच्या त्या 'जरा'ची लांबी काय सांगावी. तेवढ्या वेळात एक अख्खी बाई बसून, पर्स मांडीवर घेऊन, चष्मा पुसून मोकळी व्हायची.

वहिनी गेल्या त्याला चार वर्षं झाली. त्या गेल्यावर खरखरेच्या लक्षात आलं, की ज्या घरात आठ हजार रेकॉर्ड आहेत, त्या घरात बायकोचा आवाज कुठेच नाही. फोटो पोत्यानं, आवाज नाही. मग एक दिवस दुकानात एक जुनी रेकॉर्ड आली. ज्या कार्यक्रमाची होती, त्याला दोघं गेले होते. दुसरं गाणं संपलं, टाळ्या विरल्या आणि मागून कुणीतरी म्हणालं, "सरका जराऽ."

ती रेकॉर्ड त्यानं विकली नाही. कव्हरवर मात्र नोंद केली. त्याच्यासाठी नियम म्हणजे नियम. पुढे तशीच दुसरी सापडली, तिसरी सापडली. त्यांच्यासाठी त्यानं वेगळा कप्पा केला. तो ऐकायचा, मी नाक शिंकरायचो. सगळं ठीक चाललं होतं. मग मला दुर्बुद्धी झाली आणि बाराव्या रेकॉर्डचं कव्हर मी उलटून पाहिलं.

"ही तर गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाची आहे," मी म्हणालो.

"हो."

"अरे, पण वहिनी..."

"ती कधी गेली ते मला माहीत आहे. मी होतो तिथे."

"दुसरी कुणी बाई असेल. 'सरका' काय, सगळं शहर म्हणतं."

"'सरका' म्हणतं. 'जरा' एवढं लांब कोण म्हणतं?"

त्यानं सुई टेकवली. मी ऐकलं. तेवढ्यात बाहेर शिंप्याचं मशीन थांबलं, तेही मला आवडलं नाही.

मी त्याच्या मुलीला फोन केला. याला चहाडी म्हणतात हे मला ठाऊक आहे. ती दुसऱ्या शहरातून आली, तो कप्पा ऐकला आणि तारखा वाचल्या.

"बाबा, दुकान बंद करा आणि माझ्याकडे चला. एकटं राहून कान वाजायला लागलेत तुमचे."

"माझे कान वाजत नाहीत. तेवढाच एक अवयव धड आहे."

शेवटी तह झाला. पुढच्या रविवारी सभागृहात एका बँडचं वादन होतं आणि त्याची रेकॉर्ड निघणार होती. तिच्यात आईचा आवाज नसला, तर दुकानाला कुलूप.

"आणि असला तर?" खरखरेनं विचारलं.

"नसणारच."

"असला तर?"

"तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. पण काका, तुम्ही यांच्यासोबत बसायचं. साक्षीदार म्हणून."

बसलो. खरखरे, मग रुमालाची खुर्ची, मग कडेला मी. दोन गाणी मी रुमालाकडे असा टक लावून होतो, की वाजलं काय ते मला आजही सांगता येणार नाही. दुसरं गाणं संपलं. टाळ्या झाल्या. ड्रमवाल्यानं स्टूल सरकवलं. कुणी आलं नाही. रुमाल होता तिथेच होता. तिसरं गाणं सुरू झालं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर पडताना खरखरेनं रुमालाची घडी घातली.

"तुझा पाय दुखतोय का?"

"नाही. का?"

"काही नाही."

मी लगेच मुलीला फोन केला. "कुणी आलं नाही, काही ऐकू आलं नाही. खोकी आण."

दोन महिन्यांनी सकाळच्या टपालानं रेकॉर्ड आली. तोवर अर्धं दुकान खोक्यांत गेलं होतं. मुलगी खोक्यांना चिकटपट्टी लावत होती, मी बाकावर. खरखरेनं रेकॉर्ड फुंकरली, सुई टेकवली. पहिलं गाणं. दुसरं. टाळ्या. स्टूल करकरलं.

"सरका जराऽ."

चिकटपट्टीचा आवाज थांबला. दुसरी कुणी बाई असेल, हे माझं वाक्य तयारच होतं. मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी रेकॉर्डच बोलली. जाड, किंचित धापा टाकणारा आवाज. आपल्या कानावर पडला की आपल्यालाच लाज वाटावी असा.

"हो हो, या ना वहिनी. बसा."

मग खुर्ची वाजली आणि तिसरं गाणं सुरू झालं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "काका, तुम्ही तर म्हणालात, कुणी आलं नव्हतं."

"कुणी आलं नव्हतं," मी म्हणालो. आवाज हुबेहूब तोच निघाला, त्यामुळे माझी बाजू आणखीच लंगडी पडली.

खरखरेनं सुई उचलली. "तू पाय आत घेतलेस ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, मुंग्या आल्या असतील." मग कानामागची पेन्सिल काढून त्यानं कव्हरवर लिहिलं: 'तिसऱ्या गाण्याआधी: सरका जरा.' आणि दोष लपवायचा नाही म्हणून खाली: 'सोबत एक जाडा पुरुष. नम्र.'

मुलीनं एका खोक्याची पट्टी टरकन ओढली आणि रेकॉर्ड परत कप्प्यात लावायला लागली. पाच-सात लावून झाल्यावर, मागे न बघता म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी कुठे आहे?"

"छापखान्यात."

"तिकिटं काढलीत?"

"दोन. नेहमीसारखी."

"चार काढा."

मी येतो असं कुणालाच म्हणालो नव्हतो. पण त्या दुकानात माझ्या शब्दावर आता कुणाचा विश्वास उरला नव्हता.