मोटारीच्या मागं उभी

नातवानं काल जुन्या मोटारीच्या ब्रेकच्या दिव्याचा होल्डर पॉलिश पेपरनं घासला. गंजाचा तोच वास आला आणि मी बुलढाण्याच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. दादाच्या मोटारीचा ब्रेकचा दिवा लागत नव्हता. त्यानं होल्डर घासला, तार आवळली आणि आत बसून ब्रेक दाबला. "लागला का वं?" मागं उभी मी जरा वाकले, तशी काच लालभडक झाली. "हाव दादा, लागला!" तो हसला आणि देऊळघाटच्या रस्त्यानं निघून गेला.

वाटेत बैलगाडी आडवी आली म्हणून त्यानं ब्रेक दाबला. मागून ट्रक आदळला. दादाला घरी आणलं ते चादरीत. ट्रकवाला रडत म्हणाला, "दिवा लागलाच नाई जी." तेव्हा मला आठवलं, मावळतीचं ऊन माझ्या पाठीशी होतं. मी वाकले आणि तेच काचेवर पडलं.

काल नातू आतून ओरडला, "लागला का वं, आजी?" लख्ख लागला होता. तरी मी काचेवर दोन्ही हातांची सावली धरली. "पुन्हा दाब," म्हटलं. त्याचा पाय दुखेस्तोवर माझ्या तोंडून हाव निघालं नाही.