वादळ माझं, बाकी खरं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवबागात पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवणारा, एका डॉल्फिनचे सात करणारा मी — आणि एक गोष्ट पोटात ठेवून बसलो, हे गावात कोणाला पटायचं नाही.

माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट बापाची. तीन दिवस वादळात अडकला, परत आला तो समुद्र अंगात घेऊनच. बोटं नाचायची, खांदे उडायचे, वाळूतही पाय होडीत असल्यासारखे पडायचे. लोक पोट धरून हसतात. त्यातलं वादळ माझं. बाकी सगळं खरं.

मग थोरल्या भावाची, दादाची बोटं नाचू लागली. जाळं विणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आता सुई हातातून निसटायची. गाव म्हणालं, पितो. सोलकढीपलीकडे काही न प्यायलेला माझा दादा. मी मात्र टक लावून बघायचो — आधी भुवई उडते की खांदा? झोपला की सगळं शांत कसं होतं? बापाचंही असंच व्हायचं ना?

तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेला. दादा बाहेर वजन करत होता. डॉक्टरांनी मला विचारलं, "घरात आधी कोणाला असं होतं?"

हजार माणसांना न विचारता सांगितलेली गोष्ट — आणि आज कोणीतरी खरोखर विचारत होतं. मी काय म्हणालो असेन?

"नाही."

माझी सगळ्यात आखूड थाप. माझ्या मुलाचं लग्न देवगडात जमत आलं होतं. घरातलं दुखणं तिकडे कळायला नको होतं. बस, एवढंच.

तीन वर्षं मानेला पट्टा, ताकदीची इंजेक्शनं, देवळात गाऱ्हाणी. मग गोव्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी दादाला जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. मालवणी माणसाची जीभ आत राहत नाही म्हणतात. दादाची बाहेर टिकेना. "माझी बोटं दाबून धरा," म्हणाले. पकड घट्ट, सैल, घट्ट — गाय पिळावी तशी. मग त्यांनीही तोच प्रश्न विचारला.

या वेळी दादाच बोलला. "आमचो बापूस असोच हलायचो, डॉक्टर. ह्यो तेवा बारको होतो, ह्येका आठवाचा नाय."

मी एकोणीस वर्षांचा होतो. बापाला हाताला धरून होडीत चढवायचो.

रक्ताच्या तपासणीत नाव कळलं — हंटिंग्टन. मेंदू झिजत जातो. औषधानं नाच कमी होतो, झीज थांबत नाही. बापाकडून लेकराकडे उतरण्याची शक्यता निम्मी. मीही त्याच बापाचा लेक. आधी कळतं तरी दादा बरा झाला नसता, खरंय. पण तीन वर्षं दारुडा म्हणून जगला नसता.

मुलगा आणि सून आजोबांची गोष्ट वादळासकटच ओळखतात. घरात पाळणा हलावा, असं दोघांच्या मनात आहे. त्याआधी, आज, हे सगळं लिहिलेला हा कागद त्यांच्या हातात देतोय.

वादळ काढून टाकलंय.