पाळणा, मीटरगेज आणि मी

मिरजेला गाडी बदलायची असते. मी बदलली नाही.

बेळगावहून निघालो तेव्हा माझ्यासोबत एक सागवानी पाळणा होता. कोल्हापूरला बहिणीच्या बाळाचं बारसं होतं. पाळणा मामानंच आणायचा, ही तिच्या सासरची रीत. आणि दिवेलागणीच्या आत बाळ त्यात निजलं पाहिजे, हा तिच्या सासूबाईंचा हुकूम. मिरजेची दुपारची गाडी धरली की झालं.

समोरच्या बाकावर कुरुंदवाडचं एक शेतकरी जोडपं होतं. सगळा डबा त्यांना अण्णा आणि अक्का (कन्नडात थोरला भाऊ, थोरली बहीण) म्हणत होता. कुडचीच्या पुढं कृष्णेचा पूल लागला, तसं अक्कांनी गाठोडं सोडलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मीही दोन भाकरी खाल्ल्या. पुढं जे केलं ते हे मीठ खाऊन केलं.

मिरज आली. डबा रिकामा झाला. अण्णांनी पिशवी उचलली.

"पावणं, उतरा की. गाडी बदलायची हाय."

"बसा हो अण्णा! आपला डबा कापून कोल्हापूरच्या गाडीला जोडतात. लहानपणापासून असाच जातोय मी."

जात होतो हे खरं. तेव्हा सगळीकडं मीटरगेजच होता. मधल्या काळात कोल्हापूरकडचे रूळ रुंद झाले. ही बातमी मी वर्तमानपत्रात वाचली होती, घरात मोठ्यानं वाचून दाखवलीही होती. फक्त तिचा आपल्या प्रवासाशी काही संबंध असेल, असं वाटलं नव्हतं.

"शिकल्यालं माणूस दिसतंय," अक्का म्हणाल्या. दोघं परत बसली.

फलाटावर हमाल आमच्या गाडीतली पार्सलं खांद्यावर घेऊन पलीकडच्या गाडीत चढवत होते. मला त्यांची कीव आली.

"उगाच घाम गाळतायत," मी म्हणालो.

तेवढ्यात धक्का बसला आणि डबा हलला. "बघा! निघालो जोडायला!"

डबा स्टेशन मागं टाकून यार्डाच्या टोकाला एका नळापाशी थांबला. बादली घेऊन एक दाढीवाले चाचा वर आले. डबे धुणं हे त्यांचं काम.

"हितं काय करतासा?"

मी डबा जोडण्याची पद्धत त्यांना समजावून सांगितली. चाचांनी शांतपणे ऐकलं, बादली ठेवली आणि माझा पाळणा खाली उतरवून रुळांवर आडवा ठेवला. दोन्ही टोकं दोन रुळांवर बरोबर टेकली.

"ह्यो मीटरगेज."

मग त्यांनी तो शेजारच्या रुळांत ठेवला. पाळणा सरळ मध्ये जाऊन पडला, दोन्ही बाजूंना जागा सोडून.

"आन् ह्यो कोल्हापूरचा. जोडा आता तुमचा डबा."

अक्का पदर तोंडाला लावून हसू लागल्या. अण्णा हसले नाहीत. ते लांब बघत होते. तिकडं कोल्हापूरची गाडी शिट्टी देऊन निघाली होती, पार्सलांसकट.

पाळणा डोक्यावर घेऊन मी खडीतून फलाटावर आलो, मागून ही दोघं. पुढची गाडी दिवेलागण उलटल्यावर पोचणार होती. आम्ही बाकावर टेकलो. मग अण्णांनी विचारलं, "काय करतासा तुमी?"

"शाळेत शिकवतो."

"काय शिकवतासा?"

"भूगोल."

जयसिंगपूर आलं, तसे कुरुंदवाडला जायला अण्णा उठले. उतरताना एवढंच म्हणाले, "पोरांची काळजी वाटती."

कोल्हापूरला पोचलो तर बायका घुगऱ्या घेऊन घरोघर परतत होत्या. बारसं उरकलं होतं. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधून बाळ तिच्यात गाढ झोपलं होतं. मी पाळणा दारात टेकवला आणि सगळी हकिकत सांगितली. हमालांपासून चाचांपर्यंत काही लपवलं नाही.

सासूबाईंनी पाळण्यावरची यार्डातली काजळी पदरानं पुसली.

"पावणं, फुडच्या खेपंला तुमी येऊ नगा. पाळणा तेवढा पार्सलनं लावा. त्यो मिरजंत गाडी बदलतोय."