आत्याला कुणी विचारलंच नव्हतं

त्या वर्षी माझी श्रद्धा फार डळमळली होती. मी भोरच्या शाळेत मास्तर. आईवेगळ्या मला वेल्ह्याच्या आत्यानं वाढवलं, आणि आता तिच्याच पोटात गाठ झाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशन करता येईल, पण आशा थोडी आहे. कदाचित टेबलावरून उठायच्याही नाहीत. त्यांना सांगा आणि मग ठरवा." मी ठरवलं, पण तिला सांगितलं नाही. वायगोळा आहे, जराशी चीर द्यावी लागेल, असं म्हणालो. मग मेंगाई देवीपुढं उभा राहून विनवलं, "आई, एवढं पुण्याला सुखरूप पोचव."

सुगीच्या तोंडावर आम्ही बैलगाडीनं निघालो. नसरापूरला मोटार धरायची होती. विंझरच्या अलीकडे गाडीचा आख मोडला. गाडीवान सुताराला आणायला गावात गेला. मी देवीवर मनातल्या मनात असा चिडलो, की आता ते लिहितानाही लाज वाटते. आत्या मात्र आंब्याखाली घोंगडीवर निवांत बसली होती.

तेवढ्यात तट्टावरून एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरी दाढी, खोगिराला औषधांची पेटी. कासीमभाऊ त्यांचं नाव. जर्मन लढाईत लष्करी इस्पितळात कंपाउंडर होते, आता भोरात राहून गावोगाव औषधं पोचवीत. आत्याचा चेहरा पाहूनच ते उतरले. "आक्का, नाडी बघू का?" असं तिला विचारून मगच त्यांनी हात धरला. मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. ती वाचून ते आत्यालाच म्हणाले, "तुमच्या मनात काय हाय, आक्का?"

आत्या खुदकन हसली. "इतक्या दिसांत पयल्यांदा कुनी इचारलं बगा! आन काय रं मास्तर, वायगोळ्याला कुनी सुरी लावतं व्हय?"

माझी मान खाली गेली. कासीमभाऊ हळूच म्हणाले, "मास्तर, हे तुमचं काम. म्या तट्टाला पानी दावून येतो." आणि ते खरंच ओढ्याकडं निघून गेले.

मग मी सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, थोडी आशा. आत्यानं तोरण्याच्या पायथ्याच्या भातखाचरांकडं बोट केलं. म्हणाली, "कापलं तर औंदाच्या आंबेमोहोराची कापनी माज्या डोळ्यांनी बगायला मिळंल?"

"सांगता येत नाही, आत्या."

"आन न कापता?"

याचं उत्तर परत आलेल्या कासीमभाऊंनी दिलं. "गाठ जानार न्हाई, आक्का. खोटं सांगत न्हाई. पर दुखनं सोसंल इतकं कमी करता येतं. डॉक्टरांना इचारून औषध म्या आनून देईन."

"मग गाडी मागं फिरवा," आत्या म्हणाली. मी भांडलो. म्हणालो, मला तू हवी आहेस. तिनं माझ्या पाठीवर धपका घातला. "हाय की म्या अजून! आन उद्या वाटलं, कापून घ्यावं, तर?"

"तर पुन्यांदा गाडी जुंपू," कासीमभाऊ म्हणाले.

पुण्याच्या डॉक्टरांना राग आला नाही. त्यांनी औषधाचं प्रमाण लिहून दिलं. कासीमभाऊ आठवड्याला येत. आत्याची एकच तक्रार असे, बाया गप्पांना येतात तेव्हा औषधानं डोळे मिटतात. त्यांनी डॉक्टरांना विचारून वेळा बदलल्या. काही दुपारी ती दात आवळून पडून राही, माझा हात घट्ट धरी. पण भात कापणीला ती बांधावर घोंगडी पांघरून बसली आणि सगळ्यांना हुकूम सोडत राहिली. माझ्या बायकोला म्हणाली, "इळा असा धरत्यात व्हय? त्यो काय पळी हाय?" सगळं शिवार हसलं.

पौषातल्या एका उबदार सकाळी नव्या तांदळाचा मऊ भात दोन घास खाऊन ती म्हणाली, "मीठ कमी हाय." तेच तिचं शेवटचं बोलणं. थोड्या वेळानं माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती शांतपणे गेली.

दिवसपाणी आटोपून मी कासीमभाऊंबरोबर भोरकडं निघालो. वाटेत उत्रोलीला एक आजारी शेतकरी होता. घरची माणसं दारातच आम्हाला घेरून त्याच्याविषयी सांगू लागली. मी तशीच वाट काढून आत गेलो, बाजेशेजारी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" म्हाताऱ्यानं आधी माझ्याकडं टक लावून पाहिलं, मग उठून बसायला हात मागितला. तासभर तो बोलत होता, आणि त्यातलं अर्धं त्याच्या खोडकर बैलाविषयी होतं.

देवीनं माझं मागणं ऐकलं नाही, याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे. आत्याला न विचारताच, तिच्या वतीनं मी देवीला शरण जायला निघालो होतो. तिचं शरण जाणं तिचं होतं, आणि तिनं ते हसत केलं. माझ्या वाट्याला तिच्याजवळ बसणं आलं. तेवढं मला जमलं, ही त्या देवीमाउलीचीच कृपा.